परिषदेचे पाहुणे आणि संग्रहालयाची दालने

विद्वत्परिषदांचा इतिहास सामान्यतः तेथे वाचल्या गेलेल्या निबंधांवरून, अध्यक्षीय भाषणांवरून आणि संमत झालेल्या ठरावांवरून लिहिला जातो. दुपारच्या सत्रानंतर पाहुण्यांना कोणत्या संग्रहालयात नेले, सायंकाळी कोणाच्या प्रासादात मेजवानी झाली, अखेरच्या दिवशी सहल कोठे गेली, हा तपशील कार्यवृत्ताच्या, म्हणजे परिषदेच्या छापील अहवालाच्या, मागील पानांत पडून राहतो आणि तो निव्वळ आदरातिथ्याचा भाग आहे असे समजून अभ्यासक ती पाने उलटून पुढे जातात. वस्तुतः यजमान कोण, पाहुणा कोण आणि दालनात मांडलेली वस्तू मुळात कोणाची, हे प्रश्न या मागील पानांत जितके उघडपणे दिसतात तितके निबंधांत क्वचितच दिसतात. प्राच्यविद्येच्या, म्हणजे आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील भाषा, धर्म, साहित्य व पुरावशेष यांच्या अभ्यासाच्या परिषदांबाबत तर ते महाराष्ट्राला थेट येऊन भिडतात. कारण ज्या समाजाच्या पोथ्या, नाणी आणि शिलालेख यांवर त्या परिषदांचा डोलारा उभा होता, त्याच समाजातील पंडित पुढे प्रतिनिधी म्हणून तेथे गेले आणि कालांतराने स्वतः यजमान झाले.

दरवर्षी नव्या शहरात भरणाऱ्या परिषदेची चाल जर्मन भाषक प्रदेशात सुरू झाली. निसर्गशास्त्रज्ञ लोरेन्झ ओकेन यांनी १८२२ मध्ये लाइपझिग येथे निसर्गसंशोधक आणि वैद्य यांची पहिली सभा बोलावली, तेव्हा तिला मूठभर मंडळीच जमली होती. परंतु सहा वर्षांनी बर्लिनमध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या अध्यक्षतेखाली हीच सभा भरली, तेव्हा तिला राजधानीतील मोठ्या सोहळ्याचे रूप आले. फेलिक्स मेंडेलसन यांनी या प्रसंगासाठी खास स्वागतगीत रचले आणि हुम्बोल्ट यांनी नगरातील मुख्य नाट्यगृहात भव्य स्वागतसमारंभ केला. एकाच विषयावर दूरदूर काम करणाऱ्या माणसांनी समोरासमोर भेटावे, हाच अशा सभेचा खरा हेतू आहे, अशी हुम्बोल्ट यांची भूमिका होती आणि तिच्यामुळेच निबंधवाचनाबाहेरच्या वेळेला या सभेत मानाचे स्थान मिळाले. याच सभेसाठी वॉर्साहून आलेल्या फेलिक्स यारोत्स्की या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर अठरा वर्षांचा फ्रेडरिक शोपँ बर्लिनला आला होता. प्राणिसंग्रहाची तेरा दालने पायाखाली घालण्यापेक्षा ती सकाळ संगीताच्या पुस्तकांच्या दुकानात घालवली असती तर बरे झाले असते, अशा अर्थाचे त्याने घरी लिहिले. परिषदेच्या पाहुण्याला संग्रहालय दाखवणे हा त्या काळीच किती रूढ शिष्टाचार झाला होता, याची साक्ष या तरुणाच्या कंटाळ्यातून मिळते.

बर्लिनच्या सभेला हजर असलेले इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांनी तिचा वृत्तान्त स्वदेशी प्रसिद्ध केला आणि सप्टेंबर १८३१ मध्ये यॉर्क येथे ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ या संस्थेची स्थापना झाली. या स्थापनासभेसाठी निवडलेली जागा अर्थपूर्ण होती. यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटी या स्थानिक मंडळाने सेंट मेरीज अ‍ॅबी या पडीक मठाच्या आवारात नवे संग्रहालय बांधले होते, ते १८३० मध्ये खुले झाले होते आणि त्यातच साडेतीनशेहून अधिक सभासद जमले. हे मंडळ मुळात ज्या संग्रहामुळे अस्तित्वात आले, तो संग्रह जवळच्या कर्कडेल येथील गुहेत १८२१ मध्ये सापडलेल्या तरस, हत्ती, गेंडा आणि पाणघोडा यांच्या हाडांचा होता. तेव्हा येथे संग्रहालयाच्या पोटातच परिषद जन्मली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. या संग्रहालयाचे अभिरक्षक, म्हणजे संग्रहाची जपणूक आणि मांडणी करणारे अधिकारी, जॉन फिलिप्स हे होते. पुढे याच फिलिप्स यांनी असोसिएशनचे साहाय्यक सचिव म्हणून कित्येक वर्षे शहरोशहरीच्या अधिवेशनांची व्यवस्था पाहिली आणि उतारवयात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नव्या संग्रहालयाचे अभिरक्षकपदही सांभाळले. जून १८६० मध्ये त्या अपुऱ्या बांधलेल्या इमारतीतच चार्ल्स डार्विनच्या मतावरून हक्सली आणि बिशप विल्बरफोर्स यांची गाजलेली खडाजंगी झाली. ज्या व्यवस्थापकांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात सहसा मोठ्या अक्षरांत येत नाही, अशांपैकी फिलिप्स हे एक होत. आणि परिषद म्हणून आज जी वस्तू ओळखली जाते ती घडवण्यात त्यांचा वाटा बड्या वक्त्यांपेक्षा कमी नव्हता.

या अधिवेशनांत सायंकाळच्या एका विशिष्ट कार्यक्रमाला इटालियन भाषेतून उचललेले ‘कॉन्व्हर्साझिओने’ हे नाव होते. दिवेलागणीनंतर संग्रहालयाची किंवा नगरभवनाची दालने उघडली जात, मेजांवर सूक्ष्मदर्शक यंत्रे, खनिजे, जीवाश्म आणि नव्याने शोधलेली उपकरणे मांडली जात, प्रत्येक मेजापाशी त्या वस्तूचा जाणकार उभा राही आणि पाहुणे फिरत फिरत, थांबत, प्रश्न विचारत पुढे सरकत. निबंधवाचनाच्या सत्रांत स्त्रियांनी बसावे की नाही यावर प्रारंभी मोठा वाद होता. १८३२ मध्ये ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी त्याला स्पष्ट विरोध दर्शवला होता. सायंकाळच्या या दालनांत मात्र स्त्रियांचा वावर होता आणि वर्गणीदार म्हणून, पुढे सभासद म्हणून त्यांना जी वाट मिळाली ती या सामाजिक कार्यक्रमांच्या दारातूनच मिळाली. सहलींचाही पसारा असाच वाढत गेला. १८३८ मध्ये न्यूकासल येथील अधिवेशनाच्या वेळी अ‍ॅडम सेजविक यांनी टाइनमथच्या समुद्रकिनाऱ्यावर कोळशाच्या खाणींतील कामगारांसह हजारोंच्या जमावाला भूशास्त्राचे व्याख्यान दिले. १८४९ मध्ये बर्मिंगहॅमचे अधिवेशन चालू असता डडली येथील चुनखडीच्या गुहा दिव्यांनी उजळून रॉडरिक मर्चिसन यांचे व्याख्यान ठेवण्यात आले. ज्या प्राचीन खडकस्तरांना त्यांनी ‘सिल्युरियन’ हे नाव दिले होते त्यांचा राजा म्हणून तेथील जमावाने त्यांचा जयजयकार केला, आणि त्या जयघोषाला तोंड फोडणारे गृहस्थ तेच बिशप विल्बरफोर्स होते.

साम्राज्याच्या विस्ताराबरोबर सहलीही लांबल्या. असोसिएशनचे अधिवेशन १८८४ मध्ये मॉन्ट्रियल येथे आणि १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत भरले, आणि या दुसऱ्या दौऱ्यात झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधब्याजवळच्या पुलाचे उद्घाटन अध्यक्ष जॉर्ज डार्विन यांच्या हस्ते झाले. बोअर युद्ध संपून जेमतेम तीन वर्षे झाली असता हा दौरा आखला गेला होता, त्यामुळे विद्वानांच्या सहलीला राजकीय हेतू चिकटला होता हे नाकारता येत नाही.

प्राच्यविद्येची आंतरराष्ट्रीय परिषद याच साच्यातून निघाली, पण तिच्या दालनांत वेगळ्या वस्तू होत्या. लेआँ द रोनी यांनी १८७३ मध्ये पॅरिस येथे पहिली परिषद भरवली आणि दुसऱ्या वर्षी लंडन येथे ती भरली तेव्हा ब्रिटिश म्युझियममधील पौर्वात्य पुरावस्तूंचे अभिरक्षक सॅम्युएल बर्च हे अध्यक्ष होते. अध्यक्षाच्या खुर्चीत संग्रहालयाचाच माणूस बसला होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना या परिषदेचे आमंत्रण आले होते, परंतु ते जाऊ शकले नाहीत, आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा त्यांचा निबंध मात्र परिषदेच्या कार्यवृत्तात छापला गेला. या घटनेत त्या काळची विषमता नेमकी दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सातवाहन आणि क्षत्रप राजांचे लेख वाचणारा पंडित मुंबई इलाख्यातच राहिला, त्याचे वाचन तेवढे सातासमुद्रापार पोचले, आणि त्यावरची चर्चा अशा मंडळींत झाली की ज्यांतील अनेकांनी ती लेणी कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

१८७८ मध्ये फ्लॉरेन्स येथे इटालियन संस्कृतज्ञ आंजेलो दे गुबेर्नातिस यांच्या पुढाकाराने चौथी परिषद भरली आणि तिला जोडून पौर्वात्य वस्तूंचे प्रदर्शन मांडण्यात आले. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जर्सन द कुन्हा या परिषदेला उपस्थित होते. चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला होता आणि नाण्यांचे जाणते संग्राहक म्हणूनही त्यांची ख्याती होती. फ्लॉरेन्समध्ये जुळलेला स्नेह पुढे टिकला. दे गुबेर्नातिस १८८५-८६ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आले तेव्हा द कुन्हा यांचे साहाय्य त्यांना लाभले, आणि परतल्यावर त्यांनी फ्लॉरेन्स येथे भारतीय संग्रहालय उभारले. परिषदेतील ओळखीतून प्रवास, प्रवासातून संग्रह आणि संग्रहातून संग्रहालय, अशी ही साखळी आहे आणि तिची एक महत्त्वाची कडी मुंबईत होती. द कुन्हा यांची आठवण मुंबईच्या प्रारंभकाळाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार म्हणूनच होते. त्यांचे हे दुसरे कार्य मराठी वाचकांपुढे जेवढे यायला हवे होते तेवढे आलेले नाही.

लायडन येथे १८८३ मध्ये परिषद भरली, त्याच उन्हाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमला मोठे वासाहतिक प्रदर्शन चालू होते आणि तेथे सुरिनाम व पूर्वेकडील डच बेटांतून आणलेली जिवंत माणसे प्रेक्षकांपुढे ठेवण्यात आली होती. मदिनेचे विद्वान अमीन अल्-मदनी हे सहाशेहून अधिक अरबी हस्तलिखिते घेऊन या प्रदर्शनाला आले होते. ती हस्तलिखिते ब्रिल या लायडनच्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली आणि त्यांची सूची स्वीडिश विद्वान कार्लो लांडबेर्ग यांनी केली. अल्-मदनी यांनी त्यानंतर परिषदेला हजेरी लावून आपले अनुभव अरबीत लिहिले आणि त्यांचा डच अनुवाद स्नूक हुर्ग्रोन्ये यांनी प्रसिद्ध केला. पूर्वेचा अभ्यास करणाऱ्यांकडे पूर्वेकडून आलेल्या पाहुण्याने कसे पाहिले, याचे इतके जुने आणि इतके थेट वर्णन दुर्मीळ आहे. कच्छमधील मांडवीचे श्यामजी कृष्णवर्मा हेही या परिषदेत होते. प्राचीन भारतात लेखनकला होती की नाही या तेव्हाच्या वादाच्या विषयावर त्यांनी तेथे निबंध वाचला. काही कोसांवर माणसे प्रदर्शनात उभी आहेत आणि सभागृहात त्यांच्यातील काहींच्याच खंडातील माणूस आपल्या पूर्वजांच्या विद्येची बाजू प्रमाणांनिशी मांडत आहे, ही त्या एका उन्हाळ्याची वस्तुस्थिती होती, आणि तिच्याकडे पाहताना परिषदेच्या पाहुणचाराला निरागस म्हणणे कठीण जाते.

भांडारकर यांना परिषदेला प्रत्यक्ष जाण्याची संधी १८८६ मध्ये मिळाली. मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते व्हिएन्ना येथील सातव्या परिषदेला गेले आणि तेथे त्यांनी रामानुजीय मत आणि भागवत किंवा पांचरात्र संप्रदाय यांवरील निबंध सादर केला. आर्चड्यूक रायनर हे या परिषदेचे आश्रयदाते होते. इजिप्तमधील फय्यूम येथून आलेल्या पपायरसांचा, म्हणजे लव्हाळ्याच्या पट्ट्यांपासून बनवलेल्या प्राचीन लेखनपत्रांचा, प्रचंड संग्रह त्यांनी तीनच वर्षांपूर्वी मिळवला होता. व्हिएन्नात भांडारकरांचे यजमान एका अर्थाने जुने परिचित होते. संस्कृतचे प्राध्यापक गेओर्ग ब्यूलर यांनी १८६३ पासून सतरा वर्षे मुंबई इलाख्यात घालवली होती. एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन, पुढे गुजरातेत शिक्षणखात्याची नोकरी आणि त्याबरोबर सरकारसाठी गावोगावी फिरून पोथ्यांचा संग्रह, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते, आणि पोथ्या शोधण्याचे तेच काम जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न व भांडारकर यांनीही केले होते. त्यामुळे व्हिएन्नाच्या भेटीगाठींत विद्यापीठाचा प्राध्यापक आणि दूरदेशीचा पाहुणा असे अंतर उरत नव्हते. एकाच संग्रहावर घाम गाळलेले दोन सहकारी तेथे भेटत होते.

या परिषदेतून निघालेले एक फळ मराठीच्या अभ्यासकाला रोज उपयोगी पडते. बिहारात अधिकारी असलेले जॉर्ज ग्रिअर्सन हेही व्हिएन्नाला आले होते, आणि हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी असा ठराव ब्यूलर प्रभृतींच्या पुढाकाराने तेथे संमत झाला. त्यातूनच पुढे भारताची भाषिक पाहणी आकाराला आली; तिचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि कोकणापासून वऱ्हाडापर्यंतच्या बोलींचे नमुने त्यात एकत्र आले. निरनिराळ्या देशांतील विद्वान आठवडाभर एकत्र राहिले, जेवले, फिरले आणि मग एका सरकारला एकमुखाने विनंती करू शकले. पत्रव्यवहाराने असा एकमुखी आग्रह उभा राहिला असता असे वाटत नाही. परतल्यावर भांडारकरांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे आपल्या व्हिएन्ना भेटीचा वृत्तान्त वाचला आणि तो सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. शास्त्रीय निबंधांच्या नियतकालिकात प्रवासवृत्ताला जागा मिळावी, यावरून परिषदेला जाऊन येणे ही गोष्टच त्या काळच्या मुंबईला ज्ञानाचा भाग वाटत होती हे दिसते.

पाहुणचाराचा अतिरेक झाला तो १८८९ मध्ये, स्टॉकहोम आणि क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे भरलेल्या आठव्या परिषदेत. स्वीडन व नॉर्वेचे राजे दुसरे ऑस्कर यांनी स्वतः तिचे उद्घाटन केले, लायडनच्या हस्तलिखितांची सूची करणारे लांडबेर्ग तिचे मुख्य सूत्रधार होते, आणि मेजवान्या, आगगाडीच्या सहली व उप्सालाच्या प्राचीन राजटेकड्यांची भेट यांनी कार्यक्रम गच्च भरला होता. मुंबईहून पारशी धर्मपंडित जीवनजी जमशेदजी मोदी आणि बडोद्याच्या सयाजीरावांच्या वतीने हरिलाल ध्रुव हे या परिषदेला गेले होते. विद्येपेक्षा डामडौल वरचढ झाला, अशी टीका यानंतर उघडपणे होऊ लागली; तिला परिषदेवरील अधिकाराच्या भांडणाची जोड मिळाली आणि त्याचा परिणाम असा झाला की १८९१ मध्ये प्राच्यविद्यापंडित लाइटनर यांच्या गटाने आणि १८९२ मध्ये मॅक्स म्युलर यांच्या अध्यक्षतेखाली दुसऱ्या गटाने लंडन येथेच नववी म्हणवणाऱ्या दोन परिषदा भरवल्या. टीकाकारांचे म्हणणे अगदी निराधार नव्हते; राजाश्रयाच्या झगमगाटात निबंधांना वेळ अपुरा पडत होता. पण सगळा दोष मेजवान्यांच्या माथी मारणेही न्याय्य नाही, कारण पूर्वेकडील विद्वानांना बरोबरीचे सभासद म्हणून टेबलापाशी बसवण्याचे काम या भोजनांनी केले, आणि त्या काळच्या वसाहतींत ती साधी गोष्ट नव्हती.

यजमानपद महाराष्ट्राकडे आले ते नोव्हेंबर १९१९ मध्ये, जेव्हा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पुढाकाराने पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली आणि ब्याऐंशी वर्षांच्या भांडारकरांकडे तिचे अध्यक्षपद आले. संस्थेची स्थापना दोनच वर्षांपूर्वी झाली होती, आणि ब्यूलर, कीलहॉर्न व भांडारकर यांनी गोळा केलेला सरकारी हस्तलिखितांचा मोठा ठेवा १९१८ मध्ये डेक्कन महाविद्यालयातून तिच्याकडे सोपवण्यात आला होता. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे उपलब्ध पोथ्या ताडून मूळ पाठाच्या जवळ जाणाऱ्या आवृत्तीचे, काम औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेल्या साहाय्याने परिषदेच्याच वर्षी सुरू झाले होते. त्यामुळे पाहुण्यांपुढे ठेवण्यासाठी पुण्याला राजवाड्याची गरज नव्हती. ज्या पोथ्यांसाठी लंडन आणि बर्लिनच्या ग्रंथालयांचे उंबरठे झिजवावे लागत, त्यांच्या तोडीचा संग्रह यजमानाच्याच घरात होता. १९३५ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाने दत्तो वामन पोतदार यांच्या पुढाकाराने पुण्यात अखिल भारतीय इतिहास परिषदेचे पहिले अधिवेशन भरवले, तेव्हाही यजमान संस्था स्वतःच मोडी कागद, नाणी आणि जुनी चित्रे यांची संग्राहक होती. इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल साधनांपर्यंत नेऊन सोडणे हा पाहुणचाराचा श्रेष्ठ प्रकार होय, आणि पुण्याची ही परंपरा त्या दृष्टीने युरोपातील कोणत्याही राजधानीपेक्षा उणी नाही.

जानेवारी १९३८ मध्ये कलकत्ता येथे भारतीय विज्ञान परिषदेचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन ब्रिटिश असोसिएशनबरोबर संयुक्तपणे भरले. नियोजित अध्यक्ष रुदरफर्ड यांचे आधीच्या ऑक्टोबरात निधन झाल्यामुळे जेम्स जीन्स यांनी ते स्थान घेतले. परदेशी पाहुण्यांना देशातील प्रेक्षणीय स्थळांचा दौरा घडवण्यात आला होता आणि त्यांच्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग होते; सांचीच्या स्तूपाचा आपल्यावर किती खोल परिणाम झाला हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले.

आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषद भारतात प्रथमच आली ती जानेवारी १९६४ मध्ये, म्हणजे पॅरिसच्या पहिल्या परिषदेनंतर नव्वद वर्षांनी. हे सव्विसावे अधिवेशन नवी दिल्लीत भरले आणि त्याच्या व्यवस्थेची धुरा भांडारकर संस्थेचे रा. ना. दांडेकर यांनी वाहिली. तीनच वर्षांपूर्वी नव्या इमारतीत खुल्या झालेल्या राष्ट्रीय संग्रहालयात या निमित्ताने भारतीय संग्रहांतील हस्तलिखितांचे प्रदर्शन मांडण्यात आले आणि त्याची वर्णनात्मक सूचीही प्रसिद्ध झाली. ज्या पोथ्या पाहण्यासाठी पूर्वी यजमान देशांच्या संग्रहांत जावे लागे, त्या यावेळी त्यांच्याच भूमीत जगभरच्या पाहुण्यांपुढे उघडल्या गेल्या. दांडेकरांनी संपादित केलेले या अधिवेशनाचे कार्यवृत्त पुण्यातून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रकाशित केले.